मामांनी कोरलेली ग्रिप कंट्रोलला अडली, पामरेस्ट किती घासू?

मंडळी, जरा घाईचं आहे. माझी लेक १० मीटर एअर पिस्तूल शूट करते, आपल्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडला सोनं घेतलेलं टीव्हीवर बघितल्यापासनं डोक्यात पिस्तूलच. हात लहान, कंपनीची ग्रिप सैल पडायची म्हणून माझ्या मामांनी अक्रोडाची कोरून दिली. मामा जुने फ्री पिस्तूलवाले, मनगट तेवढं मोकळं आणि बाकी पंजा सगळा लाकडात, ५० मीटरच्या त्या प्रकारात ते चालायचं, ट्रिगरलापण वजनाची अट नव्हती. त्याच सवयीनं त्यांनी हिच्या पामरेस्टची (तळहाताखालच्या टेकूची) कड वर वळवली, तळहात वाटीत बसल्यासारखा. ग्रुप लई आवळला तिचा, छर्रे जवळजवळ पडायला लागले.

परवा मॅचला इक्विपमेंट कंट्रोलमध्ये (साधनांची तपासणी) पिस्तूल मापाच्या बॉक्समध्ये बसलं, वजन १५०० ग्रॅमच्या आत, ट्रिगरनं ५०० ग्रॅम उचललं आणि ग्रिपवर अडलं. पामरेस्ट ग्रिपशी ९० अंशाच्या आत नको, वर वळण तर अजिबात नको. नियम बरोबरच आहे. जुनी ग्रिप गाडीत होती म्हणून खेळता तरी आलं, पोरगी रडली नाही पण रात्री जेवली पण नाही.

मामा म्हणाले, कोणीतरी नवीन काढतंय की मागनं नियम येतोच. १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकला रॅपिड फायरमध्ये (२५ मीटरवर झटपट पाच गोळ्या) रशियावाल्यांनी बॅरल हाताच्या रेषेत खाली घेतलेलं उलटं पिस्तूल आणलं, पुढं ते बंद झालं. अथेन्स २००४ नंतर रॅपिड फायरची आखूड (.२२ शॉर्ट) काडतुसं गेली, ट्रिगर १००० ग्रॅमचा झाला. आणि रिओ २०१६ नंतर त्यांचं फ्री पिस्तूलच ऑलिम्पिकमधनं गेलं. हे सांगताना अंगठ्याच्या खाचेत लेकीच्या घामानं काळं पडलेलं लाकूड नखानं घासत होते.

तर वळलेली कड कानशीनं सपाट केली की हात खालनं सुटणार, मग रेस्ट थोडा वर सरकवून तळहाताकडं एपॉक्सी पुट्टी भरली तर घट्ट बसेल का, आणि अंगठ्याच्या रेस्टलापण थोडा चढ आहे तोपण काढावा लागेल ना? कोणी स्वतः केलंय का? कोल्हापूर-सांगलीकडं ग्रिप कोरणारा माहीत असेल तर सांगा, मामांचा हात आता थरथरतो, ते कानस धरत नाहीत, पण समोर बसून कुठं किती काढायचं ते दाखवतील. २५ तारखेला पुढची मॅच आहे.