तळ्याकाठी वर्षभर काय काय बघता येईल? सल्ला हवाय

रानवेल:
घरापासून चालत जाण्याजोगं एक जुनं तळं आहे, त्याला एक ओढाही येऊन मिळतो. मी आणि माझी आठवीतली लेक वर्षभर तिथे जायचं म्हणतोय. पक्ष्यांची जुजबी ओळख आहे, बाकी पाटी कोरी. कोणत्या ऋतूत काय बघावं? दुर्बीण कोणती घ्यावी? की दर वेळी नवी जागा गाठलेली बरी? जाणकारांनी कृपया सांगावं.

पाणथळ:
जागा अजिबात बदलू नका. नवीन ठिकाणी गेलं की निम्मा वेळ वाट शोधण्यात जातो. एकच काठ ओळखीचा झाला की कालपर्यंत नसलेली गोष्ट आपोआप नजरेत भरते. पहाटे जा, सूर्य पाठीशी ठेवा आणि मुख्य म्हणजे एका जागी बसून राहा. पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच दिसणार नाही. मग दडलेले पक्षी हळूहळू बाहेर येतात.

दुर्बीण ८ × ४२ घ्या. म्हणजे ८ पट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिमीचं. १० पटीच्या दुर्बिणीत हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते, मुलं कंटाळतात.

आता पावसाळा. सगळे हिवाळ्याची वाट बघतात, पण माझ्या मते सुरुवात पावसाळ्यातच करावी. या दिवसांत तळ्यात घरटी असतात. टिबुकलीचं घरटं पाण्यावर तरंगतं, आणि उठून जाताना ती अंडी पाणवनस्पतींनी झाकून जाते. पिल्लं झाली की पाठीवर बसवून हिंडवते. कमळपक्ष्यात अंडी उबवण्याचं काम नराकडे असतं, लेकीला हे नक्की आवडेल. काठच्या उथळ पाण्यात जेलीसारखी अंडी शोधा: पुंजका असेल तर बहुधा बेडकाची, लांब माळ असेल तर भेकाची. हात न लावता दर आठवड्याला बघत राहा, आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे.

आणि लव्हाळ्याच्या काड्या नीट बघा. पाण्यावर वीतभर उंचीला तपकिरी, पोकळ, पाठीवर उकललेली एक कात चिकटलेली सापडेल. ती चतुराची. त्याची अळी पाण्यात वाढते आणि शेवटी काडीवर चढून कात टाकते. उकललेल्या जागी पांढरे दोरे दिसतात, ते तिच्या श्वासनलिकांचं अस्तर असतं. भिंगातून दाखवा.

ओढाकाठ:
पाणथळ यांच्याशी सहमत, फक्त पावसाळ्याबद्दल एक सावधगिरी. तुमच्याकडे ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की ओढा अचानक चढतो. पाणी गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहू लागला की लगेच उंचावर या, पलीकडे जायचा मोह नको. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

रानवेल:
खूप आभार दोघांचे! कात शोधायला लेक आत्ताच तयार आहे. हिवाळ्यात बदकं येतात म्हणे, ती ओळखायची कशी? पुस्तकातली चित्रं आणि समोरचं बदक जुळतच नाही.

पाणथळ:
त्याचं कारण आहे. उत्तरेकडून येणाऱ्या बऱ्याच बदकांचे नर आल्या आल्या मादीसारखेच तपकिरी दिसतात. प्रजननानंतर जुनी पिसं गळून साधी आलेली असतात. डिसेंबर-जानेवारीपर्यंत रंग चढतो, तेव्हा ओळख पटवा. आधी रंगापेक्षा चोच आणि वागणं बघा. थापट्याची चोच पुढे पसरट असते आणि तो पाण्यात गोल गोल फिरत खातो. तलवार बदकाची शेपटी टोकदार, आणि खाताना ते पाण्यात उभं बुडी मारतं, शेपटी वर.

ओढाकाठ:
उन्हाळा सोडू नका हं. पाणी आटतं तसा चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि रात्री कोण येऊन गेलं ते सकाळी त्यावर वाचता येतं. उघड्या जमिनीवर टिटवीची अंडी असतात, थेट खड्यांसारखी. ऊन तापलं की टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. तुम्हाला बघून ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर अंडी जवळच आहेत. आल्या पावली, पाय बघून टाकत मागे फिरा, फोटोसाठी थांबू नका. तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात.

पाणथळ:
अगदी बरोबर. आणि वही ठेवा. तारीख, वेळ, काय दिसलं, एवढं पुरे. काठावरचा एखादा मोठा दगड खूण म्हणून ठरवा आणि पाणी त्याच्या कुठवर आहे ते दर वेळी लिहा. बदकं कधी गेली, चिखलपक्षी कधी वाढले, याचा पाण्याच्या पातळीशी मेळ लागतो. वही लेकीच्या हातात द्या.