सर्व्हायव्हर पूल (अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये दर आठवड्याला जिंकणारी एक टीम निवडायची, ती हरली की आपण बाहेर), तिसरा आठवडा: न्यू जर्सीतल्या एडिसनच्या सोसायटी ग्रुपवरून

निनाद: दोन आठवडे झाले, कोण किती पाण्यात आहे ते कळलं. या वेळी सोपा हिशेब. ०-२ (शून्य विजय, दोन हार) वाल्या टीमपैकी एक शोधायची आणि तिच्यासमोर जी टीम असेल ती घ्यायची.

मृणालताई: सीझनच्या १७ पैकी २ मॅच झाल्यात निनाद. एका मॅचमध्ये ऑफेन्सचे (चेंडू ज्यांच्याकडे त्यांचे) साठ-पासष्ट प्ले, म्हणजे चाली असतात, म्हणजे तू सव्वाशे प्लेवरून निकाल लावतोयस. त्यातही मॅच फिरवणारे प्ले चार-पाचच.

निनाद: आणि दोन मॅचमध्ये ९१ पॉइंट ठोकले असतील तर? तेही चार-पाच प्लेच?

मृणालताई: बरं उदाहरण काढलंस. २०२४ चे सेंट्स. पहिल्या आठवड्यात पँथर्सना ४७-१०, दुसऱ्यात डॅलसला त्यांच्याच घरी ४४-१९. बरोब्बर ९१. तिसऱ्या आठवड्यात ईगल्सकडून १२-१५ ने हरले, मग लागोपाठ हरत गेले, मधल्यामध्ये कोचची नोकरी गेली आणि सीझन संपला ५-१२ वर. ज्या पँथर्सना ३७ पॉइंटनी धुतलं होतं त्यांच्याचकडून नवव्या आठवड्यात २२-२३ ने हार. कोच गेला तो याच मॅचनंतर.

प्रसाद: आणि पँथर्सही शेवटी ५-१२ च. दोघं एकाच पायरीवर 😄

सतीशकाका: पण मृणाल, त्याला नुसता योगायोग म्हणू नकोस. ईगल्सच्या मॅचमध्ये सुरुवातीलाच सेंट्सचा सेंटर एरिक मॅकॉय जखमी झाला. समोरचा डिफेन्स बघून पुढच्या फळीतल्या पाच लाइनमननी कोणी कोणाला अडवायचं हे सेंटर ठरवतो. तो गेला की बाकीच्या चौघांचीही गडबड होते. पुढे पाचव्या आठवड्यात क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) डेरेक कारही जखमी होऊन बाहेर पडला. ९१ पॉइंट करणारी टीम आणि नंतर हरणारी टीम, जर्सी तेवढी एक होती.

मृणालताई: मान्य काका, दोन्ही आहे. मुळात ते ९१ पॉइंट कोणाविरुद्ध केले ते बघा. पँथर्सनी दुसऱ्या आठवड्यानंतर स्वतःच्या क्वार्टरबॅकला बाकावर बसवलं होतं. डॅलस शेवटी ७-१०.

सुप्रिया (बी-१४): उद्या रिसायकलिंगची गाडी आहे. पुठ्ठ्याचे खोके दुमडून ठेवा प्लीज. आणि हा ग्रुप फुटबॉलचा कधी झाला?

गौरी (अॅडमिन): सप्टेंबर ते जानेवारी असतो 🙏 खोके दुमडा सगळ्यांनी.

सतीशकाका: आपल्या न्यूयॉर्क जायंट्सचंच घ्या. २००७. पहिली मॅच डॅलसकडून ३५-४५, दुसरी पॅकर्सकडून १३-३५. दोन मॅचमध्ये ८० पॉइंट दिले. डिफेन्सला स्टीव्ह स्पॅग्नोलो नवा कोऑर्डिनेटर (डिफेन्सचा कोच) होता, त्याच्या ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा खेळाडू सोडायच्या चाली) अंगवळणी पडल्या नव्हत्या. तिसऱ्या मॅचला वॉशिंग्टनच्या मैदानावर शेवटच्या मिनिटाला गोल लाइनवर समोरच्याला अडवून २४-१७ जिंकले. त्याच डिफेन्सने फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये (फायनलला) तोवर एकही मॅच न हरलेल्या पेट्रियट्सना १४ वर रोखलं. १७-१४. नवा कोऑर्डिनेटर किंवा नवी सिस्टिम असेल तर सप्टेंबरमधला डिफेन्स धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रसाद: सप्टेंबर तसाही कच्चाच असतो. २०२१ पासून प्रीसीझनच्या (सीझनआधीच्या सरावाच्या) तीनच मॅच, त्यातही मुख्य खेळाडू फारसे उतरत नाहीत. खेळाडूंबरोबरच्या २०११ च्या करारापासून दिवसातून दोनदा अंगावर येऊन सराव बंद. टॅकलिंग आणि ब्लॉकिंगचा खरा सराव पहिल्या तीन-चार मॅचमध्येच होतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणाल, तर इथे भात अजून चुलीवर आहे.

निनाद: मग ०-२ ला काही अर्थच नाही का?

मृणालताई: आहे ना. १९९० पासूनचं बघितलं तर ०-२ वाल्यांपैकी प्लेऑफला (बाद फेरीला) जाणारे दहात एखादाच. पण त्या गठ्ठ्यात मुळातच कमकुवत टीम जास्त असतात, म्हणून आकडा इतका वाईट दिसतो. चांगली टीम ०-२ झाली तर तिला तोच आकडा लावायचा नाही. २०२४ चे रेव्हन्स ०-२ होते, शेवट १२-५.

मी वापरते तो ढोबळ हिशेब असा. टीमच्या रेकॉर्डमध्ये सरासरी टीमच्या ११ मॅच मिळवायच्या, म्हणजे साडेपाच विजय. ०-२ ला १३ पैकी ५.५, म्हणजे ४२ टक्के. उरलेल्या १५ मध्ये सव्वासहाच्या थोडे वर विजय. २-० ला १३ पैकी ७.५, उरलेल्यात साडेआठच्या वर, एकूण साडेदहा. आता सरासरीऐवजी सीझनआधीचा अंदाज घाल. जी टीम १२ मॅच जिंकेल असं वाटत होतं, तिचे ११ मध्ये पावणेआठ धर. ती ०-२ झाली तरी ५९-६० टक्क्यांवर येते. २-० झालेली साधारण टीम ५८ वर. म्हणजे त्या दोघी समोरासमोर आल्या तर तुझा नियम उलटा पडतो.

निनाद: हे ऐकायला भारी आहे, पण दर आठवड्याला बघायचं काय ते सांगा. मला एवढं गणित नको.

मृणालताई: स्कोअर बाजूला ठेव आणि बॉक्स स्कोअर (मॅचची सगळी आकडेवारी) उघड.

आधी टर्नओव्हर, म्हणजे चेंडू समोरच्याकडे जाणं. इंटरसेप्शनमध्ये (समोरच्याने पास पकडण्यात) थोडंफार कौशल्य दिसतं, पण फंबल झाल्यावर, म्हणजे चेंडू हातातून सुटल्यावर, लंबुळका चेंडू कोणाच्या हाती लागतो ही जवळजवळ नाणेफेक आहे. कोणी चारपैकी चार फंबल उचलले असतील तर तो विजय अर्धा धर.

मग यार्ड्स पर प्ले, म्हणजे एका चालीत किती यार्ड पुढे गेले. सरासरी साडेपाचच्या आसपास असते. सलग सहाच्या वर असलेली टीम हरली असेल तरी मी तिला सोडत नाही. पाचच्या खाली राहून जिंकलेली टीम घेत नाही. मात्र चौथ्या क्वार्टरमध्ये सतरा-अठरा पॉइंटचा फरक असेल तर त्यानंतरचे यार्ड मोजू नकोस. आघाडीवरची टीम समोरच्याला मुद्दाम छोटे पास करू देते, घड्याळ चालू राहावं म्हणून.

आठ किंवा कमी पॉइंटनी लागलेले निकाल जवळपास बरोबरी समज. एक टचडाउन (चेंडू समोरच्याच्या एंड झोनमध्ये नेणं, ६ पॉइंट) आणि त्यानंतरचे जादा दोन पॉइंट, एवढाच फरक.

आणि डिफेन्सने किंवा स्पेशल टीमने (किकच्या वेळी उतरणाऱ्यांनी) केलेले टचडाउन वेगळे काढ. २०२३ ची जेट्सची पहिली मॅच आठव. क्वार्टरबॅक रॉजर्स चौथ्याच स्नॅपला (प्लेला) जखमी होऊन गेला, तरी ओव्हरटाइममध्ये झेवियर गिप्सनने समोरच्याची पंट (लाथेने लांब मारलेला चेंडू) पकडून केलेल्या टचडाउनवर २२-१६ जिंकले. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणत होते, डिफेन्सच्या जोरावर निभावेल. ७-१०.

प्रसाद: फँटसीवाल्यांसाठी (खेळाडूंच्या आकड्यांवर पॉइंट मिळवणाऱ्यांसाठी) पण हेच. टचडाउन बघून वेव्हरवर (मोकळ्या खेळाडूंच्या बोलीत) पैसे उधळू नका. २०१९ मध्ये पास पकडणाऱ्या सॅमी वॉटकिन्सने पहिल्या मॅचमध्ये १९८ यार्ड आणि ३ टचडाउन केले. उरलेल्या रेग्युलर सीझनमध्ये टचडाउन शून्य. सुरुवातीला भरवसा ठेवण्यासारखं म्हणजे स्नॅप टक्केवारी (टीमच्या किती प्लेला तो मैदानात), पाससाठी किती वेळा धावला (रूट) आणि टीमच्या एकूण टार्गेटपैकी (फेकलेल्या पासपैकी) त्याला किती. दोन्ही मॅचमध्ये ऐंशी टक्के स्नॅप आणि पाव टार्गेट असतील तर १०० डॉलरच्या बजेटमधले २०-२५ लावा. चाळीस टक्के स्नॅपवर दोन टचडाउन असतील तर २-३ डॉलर, बस्स.

निनाद: ओके. पण सर्व्हायव्हरमध्ये एक चूक म्हणजे घरी. फँटसीसारखं पुढच्या आठवड्यात भरून निघत नाही.

सतीशकाका: म्हणूनच घाई नको रे. २०२४ च्या पहिल्याच आठवड्यात पेट्रियट्सनी बेंगल्सना त्यांच्या घरी १६-१० ने हरवलं, कितीतरी पूलमधले लोक तिथेच गारद झाले. वाचलेल्यांपैकी काही जण म्हणायला लागले, पेट्रियट्स सुधारले. त्यांचा शेवट ४-१३. बेंगल्स ९-८.

मृणालताई: आणि पटकन बदलायची गोष्ट एकच, माणसं. रेकॉर्डवरून मत बदलायला मी पाच-सहा आठवडे थांबते, पण क्वार्टरबॅक किंवा लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा लाइनमन) गेला तर त्याच दिवशी बदलते. लाइनमधले दोघं बाहेर असतील तर ती टीम त्या आठवड्यापुरती यादीतून बाद. बुधवार ते शुक्रवार सरावाचा रिपोर्ट बघ. तिन्ही दिवस सराव नाही म्हणजे बहुतेक खेळत नाही. न खेळणाऱ्यांची शेवटची यादी मॅचच्या दीड तास आधी येते, एकच्या मॅचसाठी साडेअकराला.

निनाद: आपल्या पूलमध्ये साडेअकराला पिक (निवडलेली टीम) बदलता येतं?

गौरी (अॅडमिन): रविवारच्या मॅचचं पिक मॅच सुरू होईपर्यंत बदलता येईल. गुरुवारची टीम घेतलीत तर गुरुवारी रात्री ८:१५ ला लॉक. एकदा वापरलेली टीम पुन्हा नाही. निनाद, तू पहिल्या दोन आठवड्यांत दोन्ही तगड्या टीम वापरून बसला आहेस.

सतीशकाका: गुरुवारी बाहेर खेळणारी टीम घेऊ नकोस. चार दिवसांत प्रवासही आणि तयारीही.

निनाद: मग रविवारची, घरच्या मैदानावरची एखादी ०-२ वाली बघतो. यार्ड्स पर प्ले कुठे दिसतात, लिंक टाका ना ताई.

मृणालताई: बहुतेक बॉक्स स्कोअरमध्ये ‘टीम स्टॅट्स’वर जा. एकूण यार्डांच्या आसपास असतं.

सुप्रिया (बी-१४): सी विंगसमोर अजून न दुमडलेले खोके आहेत. वर टीव्हीचं चित्र आहे, ६५ इंची.

प्रसाद: आलोच काकू 🏃