अनसीन पॅसेज: दहावीच्या इंग्रजी उताऱ्याच्या तुमच्या आठवणी

पडवी:
गेल्या आठवड्यात माहेरी देवगडला होते. भावाची मुलगी यंदा दहावीला. संध्याकाळी ती पडवीत इंग्रजीची कृतिपत्रिका घेऊन बसली होती, मी बाजूला कुळीथ निवडत होते. त्यातला अनसीन पॅसेज, म्हणजे पुस्तकात नसलेला उतारा, एका दीपगृहाच्या राखणदारावर होता. पोरीने तो दोनदा वाचला, उताऱ्यातली वाक्यं उचलून उत्तरंही लिहिली. पण गोष्ट काय आहे विचारलं तर गप्प. मग हळूच म्हणाली, "आत्या, लाइटहाउस म्हणजे नक्की काय गो?" मी म्हटलं, "अगो, आपली बत्ती. किल्ल्यावरची."

तिने वही खाली ठेवली. "म्हणजे तो बत्तीवाला ताप असताना वर चढला?" पुढचा सगळा उतारा मग तिने मलाच सांगितला.

मला एकदम १९९७ आठवलं. मी दहावीला. आमचं इंग्रजी पाचवीपासून, घरात कोणाला येत नाही. रात्री वीज गेली की कंदील. बाबा चौथी शिकलेले, दिवसभर कलमांच्या बागेत राखण करून यायचे आणि जेवल्यावर माझ्यासमोर बसायचे. "गो, माका इंग्रजी कळूचा नाय. तू वाच आणि काय लिवलेला हा ता सांग." मी एक परिच्छेद वाचायचे, मालवणीत सांगायचे. ते हुंकार द्यायचे आणि मध्येच विचारायचे, "मगे त्येचा पुढे काय झाला? त्येची आवस खय होती?" उताऱ्यात आई असेल-नसेल, पण ते बघायला मला परत वर जाऊन ओळ न् ओळ शोधावी लागायची. पुस्तकातले पाच प्रश्न मी पाच मिनिटांत संपवत असे. बाबांचे प्रश्न मात्र कंदिलाची काच काळी होईपर्यंत चालायचे. वाचणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं, वर्गात नाही.

बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. त्या दिवशी पुतणी गोष्ट सांगायला लागली आणि मी नकळत विचारलं, "मगे पुढे काय झाला?"

तुम्ही अशा उताऱ्यांचा कसा सराव केलात? कोणी करून घेतला? लिहा ना. कोकणातलेच असायला हवं असं नाही, पण असाल तर जास्त आवडेल.

सुरंगीचा गजरा:
डोळ्यात पाणी आणलंस गं. माझी आजी अशी होती. लिहिते नंतर, भात उतू जातोय.

खाडीकाठ:
शिमगा! दहावीची परीक्षा मार्चात आणि शिमगाही मार्चात, हे दुखणं कोकणाबाहेरच्यांना सांगून कळणार नाही. आमचं गाव गुहागर तालुक्यात. २००४ साली घरासमोरून पालखी नाचवत नेत होते, ढोल-ताशे, मुंबईचे चाकरमानी सगळे अंगणात, आणि मी माळ्यावर उतारा सोडवतोय. आमचे सर वाडीतलेच. ते पालखीबरोबर आले, देवाला नमस्कार केला आणि तसेच वर माळ्यावर आले. म्हणाले, ढोल थांबायची वाट बघू नको, ओळीखाली बोट ठेव आणि बोट थांबवू नको. शब्द अडला तरी बोट पुढे. पूर्ण उतारा संपल्यावरच अडलेल्या शब्दाकडे परत यायचं. तोपर्यंत निम्मे शब्द आपोआप उलगडलेले असतात. वीस मिनिटं बसले माझ्याजवळ. मग मला घेऊन खाली गेले आणि पालखीला खांदा द्यायला लावला.

परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारच्या मुलाचा पाय सतत टकटक वाजत होता. मला काही झालं नाही.

आगोटीचं मीठ:
@खाडीकाठ गुहागर तालुक्यात कुठे? माझं सासर वेळणेश्वर. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलं की पुढे एसटी लगेच मिळते का हो? एप्रिलमध्ये मुलांना घेऊन जायचंय.

खाडीकाठ:
@आगोटीचं मीठ वेळणेश्वरच्या जवळच! एसटीच्या भरवशावर राहू नका, रिक्षा आधीच सांगून ठेवा.

फळा खडू:
मी शिकवते, गेली सतरा वर्षं, राजापूर तालुक्यात. जरा सविस्तर लिहिते, कारण या धाग्यावर दहावीच्या मुलांचे पालक नक्की असतील.

मराठी माध्यमाला इंग्रजी तृतीय भाषा. लेखी ८० आणि तोंडी-अंतर्गत २०. त्या ८० मध्ये पुस्तकातले दोन उतारे १०-१० गुणांचे, न पाहिलेला उतारा १० गुणांचा, आणि त्याच उताऱ्याचा सारांश ५ गुणांचा. म्हणजे वाचून समजण्यावर ३५ गुण, कविता वेगळ्या. प्रत्येक उताऱ्याखाली पाच कृती, दोन-दोन गुणांच्या. पहिली सरळ माहितीची, दुसरी थोडी विचाराची, तिसरी शब्दांची, चौथी व्याकरणाची, पाचवी स्वतःचं मत.

मुलं सगळ्यात जास्त गुण कुठे घालवतात? पाचव्या कृतीत. कोरी सोडतात. का, तर "बाई, याचं उत्तर उताऱ्यात सापडतच नाही." अरे, तुला विचारलंय! तुझ्या घरात, तुझ्या वाडीत काय होतं ते लिही. दोन-तीन वाक्यं, साधी. गेल्या वर्षी पाणी वाचवण्यावर उतारा होता. माझ्या वर्गातली एक मुलगी मे महिन्यात रोज दोन हंडे घेऊन चढ चढते. तिने ती कृती सोडली होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, हंड्याबद्दल लिही. तिने सहा ओळी लिहिल्या. इंग्रजी चुकीचं होतं, पण त्या सहा ओळी मी अजून जपून ठेवल्या आहेत.

आणखी एक. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी, १०:५० ला मिळायची. पेन खाली, नुसतं वाचायचं. माझी मुलं त्या दहा मिनिटांत न पाहिलेला उतारा एकदा वाचून काढायची. २०२३ पासून ते बंद झालं, आता दहा मिनिटं शेवटी वाढवून मिळतात. मला अजूनही वाटतं की ती आधीची दहा मिनिटं वाचणाऱ्या मुलांसाठी सोन्याची होती. आता मी सांगते, पहिली पाच मिनिटं स्वतःहून पेन खाली ठेवा.

बावटा:
हर्णै. आमच्या घरात मी पहिली दहावी. वर्ष सांगत नाही.

बाबांच्या मोबाइलवर हवामान खात्याचा इंग्रजी मेसेज कोणीतरी पुढे पाठवायचं. वाचायचं काम माझं. एकदा ऑगस्टच्या शेवटी मेसेज आला, मी घाईघाईत वाचला, "फिशरमेन आर ॲडव्हाइज्ड" इथपर्यंत, आणि पुढचं "नॉट टू व्हेंचर" यातला "नॉट" माझ्या नजरेतून सुटला. मी म्हटलं, बाबा, जायला सांगतायत. बाबा काही बोलले नाहीत. मला हाताला धरून बाहेर नेलं आणि बंदराकडे बोट दाखवलं. धोक्याच्या इशाऱ्याचा ३ नंबरचा बावटा लागला होता. म्हणाले, "परत वाच." वाचला. अंगावर काटा आला.

ते रागावले नाहीत. पण त्या दिवसापासून उतारा हातात घेतला की आधी पेन्सिलने प्रत्येक "नॉट", "नेव्हर", "एक्सेप्ट", "अनलेस" ला गोल. चूक की बरोबर या प्रश्नात सगळा खेळ त्याच शब्दांचा असतो. आता माझी मुलगी सातवीत आहे, तिलाही हेच शिकवलंय.

खाडीकाठ:
@बावटा 🙏

सुरंगीचा गजरा:
आले. बावटा, तुझं वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

माझी आजी वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात सोलणीला जायची. बोटं कायम काळी. घरी रिकामे खोके आणायची, त्यांवर इंग्रजीत छापलेलं. ती विचारायची, ह्या काय लिवला? डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२०. मला येईना. बाईंना विचारलं. डब्ल्यू म्हणजे पांढरा अख्खा गर, आणि आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात तो. म्हणजे आकडा जितका लहान तितका काजू मोठा. आजीला सांगितलं तर ती खूश झाली. वीस वर्षं ती हाताने गर वेगळे करत होती, कुठला कुठे टाकायचा ते तिला डोळे मिटून कळायचं, पण त्या आकड्याचं नाव तिला त्या दिवशी कळलं. मग तिने सगळे खोके माझ्याकडून वाचून घेतले. माझा पहिला अनसीन पॅसेज म्हणजे काजूचा खोका.

ओली काजू:
@सुरंगीचा गजरा म्हणजे १८० सगळ्यात महाग? आम्ही आत्तापर्यंत उलट समजत होतो. दुकानात ३२० च जास्त दिसतो.

सुरंगीचा गजरा:
हो गं, १८० मोठा आणि महाग. लाडूला ३२० छान, खीर-बिर असेल तर तुकडा घे.

निसर्गनंतर:
२०२०-२१ ची बॅच, मंडणगड. आमच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. नववी नुकतीच संपलेली, दहावीची पुस्तकं मामाने आणून दिली होती. पत्रे उडाले, पुस्तकं भिजली. इंग्रजीचं पुस्तक आईने पान पान वेगळं करून चुलीवरच्या उतरंडीला लावून वाळवलं. वीज कितीतरी दिवस नव्हती. नंतर ऑनलाइन वर्ग सुरू झाले तर रेंज फक्त सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळावर. पावसात छत्री धरून सड्यावर बसायचो, तीन घरांतली चार मुलं, फोन एक. बाई उताऱ्याचा फोटो पाठवायच्या. फोटो उघडायला इतका वेळ लागायचा की वरून एकेक ओळ दिसायची आणि आम्ही पुढच्या ओळीत काय असेल ते ओळखायचो. खरंच सांगतो, अंदाज बांधायची सवय तिथे लागली. वर्षभरात साठाच्या वर उतारे सोडवले, वही अजून आहे.

एप्रिलमध्ये परीक्षा रद्द झाली. निकालात निम्मे गुण नववीचे. कोकण विभागाचा निकाल शंभर टक्के लागला. लोक आम्हाला अजून "न देता पास झालेली" म्हणतात. मला तो पेपर द्यायचा होता. त्या साठ उताऱ्यांनंतरचा एकसष्टावा मला हवा होता.

फळा खडू:
@निसर्गनंतर बाळा, त्या वर्षी मीही असेच फोटो पाठवत होते. तुमच्याइतकी मेहनत मी कुठल्याच बॅचची पाहिली नाही. ती वही टाकू नकोस.

पडवी:
@निसर्गनंतर मुद्दाम विचारते, आता काय करतोस?

निसर्गनंतर:
पॉलिटेक्निक झालं, रत्नागिरीत नोकरी करतो. मशीनची मॅन्युअल इंग्रजीत असतात, ती वाचून इतरांना समजावून सांगायचं काम माझ्याकडेच येतं.

बाणकोट:
अब्बा कुवेतला होते. दहावीच्या दिवाळी सुट्टीत त्यांचं नवीन कॉन्ट्रॅक्ट आलं, सही करण्याआधी त्यांनी झेरॉक्स घरी पाठवली, "पोरगीला वाचायला दे." चार पानं, बारीक टाइप. अम्मी समोर बसलेली. मी परीक्षेचा उतारा वाचते तसंच वाचलं, कोण, कुठे, केव्हा, किती, कशाच्या बदल्यात. तिसऱ्या पानावर सापडलं की सुट्टी दोन वर्षांनी. त्यांना तोंडी सांगितलं होतं एका वर्षाने. फोनवर सांगितलं तर बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाले, वाचलंस ते बरं केलंस, आता विचारून सही करतो. विचारलं त्यांनी. दीड वर्षावर आलं.

माझ्या बोर्डाच्या पेपरात उतारा कशावर होता ते आठवत नाही. ती चार पानं आठवतात.

जुना मॅट्रिक:
मी अकरावी मॅट्रिकच्या काळातला, मालवणचा. आमच्या वेळी उताऱ्याचा एक तृतीयांशात सारांश लिहायला असे, शब्द मोजून. गुरुजी सांगत, उतारा वाच, पुस्तक मीट, समुद्रावर एक चक्कर मारून ये, मग लिही. चक्कर मारताना जे डोक्यात राहील तेवढंच महत्त्वाचं. चिवल्याच्या वाळूत मी कितीतरी सारांश पाठ केले. डोळ्यांमुळे आता टाइप करायला त्रास होतो, नातू लिहितोय.

फळा खडू:
@जुना मॅट्रिक काका, ही युक्ती मी उद्या वर्गात सांगणार. समुद्र नाही आमच्याकडे, मैदानाला फेरी मारायला लावते.

ओली काजू:
जुन्या कृतिपत्रिका कुठे मिळतील? भाचीला हव्यात.

खाडीकाठ:
@ओली काजू शाळेत मागा, बहुतेक शाळांत गठ्ठे असतात. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट मिळते.

पडवी:
आज रात्री पुतणीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. बावटाचं ऐकून तिने तिथल्या तिथे परवाच्या बत्तीवाल्याच्या उताऱ्यात "नॉट" शोधले. चार सापडले. एक तिने परवा सोडला होता, त्यामुळे तिचं एक उत्तर चुकलं होतं, ते तिने खोडून नव्याने लिहिलं.

आता तिची अडचण सारांशाची. सगळंच महत्त्वाचं वाटतं म्हणते. @फळा खडू बाई, सांगाल का?

फळा खडू:
तिला सांगा, नावं, आकडे, उदाहरणं आधी गाळ. मग प्रत्येक परिच्छेदासाठी एकच वाक्य, स्वतःच्या शब्दांत. मूळच्या साधारण एक तृतीयांश. वर शीर्षक विसरायचं नाही. आणि लिहायच्या आधी तुम्हाला मालवणीत सांगू दे. दोन मिनिटांत जेवढं सांगेल तेवढाच सारांश.

पडवी:
सांगितलं. दीड मिनिटात संपवलं तिने. शीर्षक दिलंय "आमची बत्ती". इंग्रजीत कसं लिहू विचारते.