जुन्या आर्केड यंत्राच्या पडद्यावर उभी रेघ: बिघाड नेमका कोणत्या भागात असावा?

प्रश्न (न्यू जर्सी)

नमस्कार. माझ्याकडे १९८२ सालचे ‘मिस पॅक-मॅन’ हे आर्केड यंत्र असून त्यात इलेक्ट्रोहोम जी०७ चेसिसचा (चेसिस म्हणजे मॉनिटर चालवणारे सर्किट) १९ इंची रंगीत मॉनिटर आहे. गेले काही महिने चित्र डाव्या-उजव्या बाजूंनी अरुंद होत चालले होते आणि परवा मशीन सुरू केल्यावर पडद्याच्या मध्यभागी वरपासून खालपर्यंत केवळ एक तेजस्वी उभी रेघ उरली. खेळाचा आवाज मात्र व्यवस्थित येतो. उभी रेघ दिसते म्हणजे हॉरिझॉन्टल विभाग (ट्यूबमधला किरण आडवा फिरवणारा) गेला, असे वाचल्यामुळे मी फ्लायबॅक (उच्च दाब तयार करणारा ट्रान्सफॉर्मर) आणि हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर मागवण्याच्या विचारात आहे. एका मित्राने मॉनिटर काढून एलसीडी बसवण्याचे सुचवले आहे, पण माझे मन त्याला तयार होत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (सांगली, निवृत्त टीव्ही दुरुस्तीकार)

आपण तूर्त काहीही मागवू नये. आपल्या मशीनमध्ये पिक्चर ट्यूब घरच्या टीव्हीच्या तुलनेत ९० अंशांत फिरवून बसवलेली असते, कारण या खेळाचे २२४ × २८८ पिक्सेलचे चित्र उंच आहे. त्यामुळे आपल्याला उभी दिसणारी रेघ ट्यूबच्या हिशेबाने आडवीच आहे, आणि आडवी रेघ म्हणजे व्हर्टिकल (किरण वर-खाली फिरवणारा विभाग) गेलेले, हे आमच्या दुकानातल्या नवख्या पोरालाही पहिल्या महिन्यात कळत असे. याला दुसरा पुरावाही आहे. ट्यूबच्या ॲनोडला (उच्च दाबाच्या जोडणीला) लागणारा वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब फ्लायबॅक तयार करतो आणि त्याला चालवणारा हॉरिझॉन्टल विभागच असतो. तो बंद पडला असता तर दाबच तयार झाला नसता आणि पडदा पूर्ण काळा राहिला असता. रेघ उजळते आहे, त्या अर्थी तो विभाग जिवंत आहे.

ही रेघ पडद्यावर ठेवून मशीन चालू राहू देऊ नका. सगळा प्रकाश एकाच जागी एकवटल्याने तिथला फॉस्फर (पडद्याच्या आतला उजळणारा लेप) कायमचा जळतो, आणि तशी ट्यूब आता नव्याने मिळत नाही. तपासणीसाठी चालू करावेच लागले तर आधी ब्राइटनेस पूर्ण उतरवावा.

चेसिस काढण्यापूर्वी प्लग काढून ट्यूब डिस्चार्ज करावी, म्हणजे तिच्यात साठलेला विद्युतभार काढून टाकावा. चांगल्या मुठीच्या लांब स्क्रू-ड्रायव्हरला जाड वायर बांधून तिचे दुसरे टोक ट्यूबच्या बाहेरून गेलेल्या विणलेल्या अर्थ-पट्टीला क्लिपने जोडावे आणि टोक ॲनोडच्या रबरी टोपीखाली सरकवावे. दुसरा हात मशीनपासून दूर असावा. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा तसेच करावे, कारण काचेत उरलेला भार परत वर येतो. मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्येही दीडशेहून अधिक व्होल्ट राहू शकतात, म्हणून मीटरने खात्री झाल्याशिवाय हात लावू नये. ट्यूबची मान अतिशय नाजूक असते. नेकबोर्ड (मानेच्या टोकावर बसणारा छोटा बोर्ड) सरळ मागे ओढावा, हलवून काढू नये.

नंतर भिंग घेऊन योकच्या (ट्यूबच्या मानेभोवतीच्या, किरण वळवणाऱ्या कॉइलच्या) कनेक्टरच्या पिना पाहाव्यात. सोल्डरमध्ये पिनेभोवती केसासारखे काळे गोल दिसले की समजावे, ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेला, सैल जोड. मग व्हर्टिकल विभागातले सर्व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे, तेवढ्याच मूल्याचे आणि तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचे बसवावेत. चित्र महिनोन्महिने अरुंद होत गेले, हे ते सुकत असल्याचे लक्षण आहे. तरीही रेघ राहिली तर व्हर्टिकल आउटपुटचे ट्रान्झिस्टर काढून तपासावेत.

प्रतिसाद २ (ओहायो)

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. एक भर घालतो. हे चेसिस आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच (घरच्या विजेपासून थेट जोड तोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालवायचे असते; तो कॅबिनेटच्या तळाशी असतो, त्यामुळे चेसिस टेबलावर काढून थेट भिंतीच्या सॉकेटला जोडण्याची चूक सहज होते आणि ती जिवावर बेतू शकते. काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा जुना तारेचा दिवा सिरीजमध्ये (वीज त्यातून होऊन पुढे जाईल असा) ठेवावा आणि डिगॉसिंग कॉइलचा (ट्यूबवरचे चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा) प्लग तेवढ्यापुरता काढावा. दिवा भडक पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहे. सर्व ठीक असल्यास दिवा काढून, पण आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर कायम ठेवून, बी-प्लस (चेसिसचा मुख्य डीसी पुरवठा) १२० व्होल्टवर असल्याचे मोजून घ्यावे.

एलसीडीबद्दल म्हणाल तर या खेळाच्या बोर्डाचा सिग्नल सुमारे १५.७ किलोहर्ट्झचा, म्हणजे साध्या एलसीडीला थेट न चालणारा, असल्याने मध्ये कन्व्हर्टर घालावा लागेल, आणि चक्रव्यूहाच्या निळ्या रेषांना काचेमागून जी चमक येते ती त्यात येणार नाही. ट्यूब चांगली असताना ती काढणे मला पटत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (दहा दिवसांनी)

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. योकच्या कनेक्टरच्या एका पिनेभोवती अगदी तसाच काळा गोल होता; बोट लावताच पिन हलली. जुने सोल्डर पूर्ण ओढून घेऊन नवे घातले आणि व्हर्टिकलचे कपॅसिटर बदलले. काल रात्री चित्र पूर्ण रुंदीला आले. उजवी कड किंचित दुमडल्यासारखी दिसते. व्हर्टिकल साइझ फिरवल्याने रुंदी बदलते, पण दुमड जात नाही.

प्रतिसाद १ (सांगली)

छान झाले. दुमड व्हर्टिकल विभागातूनच येते आहे. बदललेल्या कपॅसिटरपैकी एखादा उलट्या ध्रुवाने बसला नाही ना, ते आधी पाहावे, आणि त्या विभागातील रेझिस्टर एक टोक सुटे करून मोजावेत. उष्णतेने त्यांचे मूल्य वाढलेले असते. आकडे इथे लिहावेत, मी पाहतो.