फवारणी पंपाच्या बॅटरीला कुठला अडॅप्टर लावायचा?

शिवार: पाठीवरच्या पंपात 12 व्होल्ट 8 एएचची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी आहे. मूळ चार्जर जळाला. घरात सीसीटीव्हीचा 12 व्होल्ट 5 अँपिअरचा आणि लॅपटॉपचा 19 व्होल्ट 3.42 अँपिअरचा अडॅप्टर पडून आहे. कुठला जोडू?

ओहमवाला: थेट एकही नको. ही बॅटरी भरल्यावर नुसती ठेवली तरी 12.7-12.8 व्होल्ट दाखवते, आणि भरायला 14.4 लागतात. 12 वर ती कायम अर्धवट राहील आणि प्लेटांवर सल्फेट धरेल. 19 थेट दिले तर गॅस होऊन आतलं पाणी जाईल, बॅटरी फुगेल.

लॅपटॉपचा अडॅप्टर घ्या, पण मध्ये एक्सएल4015 चं सीसी-सीव्ही मॉड्यूल (व्होल्टेज कमी करून करंट आणि व्होल्टेज दोन्ही ठरवून देणारी छोटी पाटी) टाका. एकच पॉट (फिरवून आकडा लावायचा स्क्रू) असलेलं घेऊ नका, त्यात करंटची मर्यादा लावता येत नाही. बॅटरी न जोडता आउटपुट 14.4 ला लावा. मग करंटचा पॉट पूर्ण कमी करा, मल्टिमीटर 10 अँपिअरच्या रेंजवर ठेवून त्यातूनच आउटपुट शॉर्ट करा आणि हळूहळू 0.8 ते 1 अँपिअरवर आणा.

शिवार: अडॅप्टर 3.42 चा आहे, तेवढा करंट बॅटरीत घुसणार नाही ना?

ओहमवाला: तो आकडा अडॅप्टरच्या ताकदीचा. किती ओढायचं ते बॅटरी ठरवते, आणि उतरलेली बॅटरी भरपूर ओढते. म्हणून तर मर्यादा लावायची.

तांब्याची तार: एक राहिलं. लाईट गेली की बॅटरीतून मॉड्यूलमध्ये उलटा करंट जातो. पॉझिटिव्हला एसआर560 शॉट्की डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाका, पट्टीचं टोक बॅटरीकडे. त्यात 0.3 च्या आसपास व्होल्ट पडतात, तेव्हा मॉड्यूल 14.7 ला लावा आणि शेवटी बॅटरीच्या टर्मिनलवरच 14.4 मोजून खात्री करा. 3 अँपिअरचा फ्यूज बॅटरीलगत हवा. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये 40 अंश असेल तर 14.1 पुरे.

करंट 0.1 अँपिअरवर उतरला की काढा. 1 अँपिअरने रिकामी बॅटरी भरायला दहाएक तास धरा. रात्रभर लावूनही करंट उतरत नसेल, व्होल्टेज 13 च्या खालीच अडकलं असेल आणि डबा गरम लागत असेल, तर एक सेल शॉर्ट आहे, बॅटरीच बदला.

ओहमवाला: वाचणाऱ्या इतरांसाठी: पंपात लिथियम पॅक असेल तर हे आकडे वापरू नका. लेबलवर 11.1 व्होल्ट असेल तर कमाल 12.6, 12.8 असेल तर 14.6. 11.1 च्या पॅकला 14.4 दिले तर आग लागू शकते.