दवबिंदूच्या शेकर कल्चरमध्ये प्लंबॅजिन वाढत का नाही?

जुळेसोलापूर_बायोटेक
एमएस्सीचा प्रकल्प आहे, प्लंबॅजिन (वनस्पतीतलं पिवळं औषधी द्रव्य) वाढवायचा. ड्रॉसेरा बर्मानी (दवबिंदू, कीटकभक्षी वनस्पती), बियांपासून केलेली रोपटी. अर्ध्या ताकदीचा एमएस (मुराशिगे-स्कूग पोषक मीडिया), साखर ३%, पीएच ५.७. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली मीडिया, शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) ८० आरपीएम, १६ तास उजेड. चार आठवड्यांनी १०० मायक्रोमोलर मिथाइल जास्मोनेट (इलिसिटर, म्हणजे रोपाला असं द्रव्य बनवायला चेतवणारा पदार्थ) दिलं, सात दिवसांनी रोपटी काढली, ६० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवली, मिथेनॉलमध्ये अर्क, मग एचपीएलसी (द्रव्य वेगळं करून मोजणारं यंत्र). कंट्रोल आणि ट्रीटमेंटमध्ये फरकच नाही, वर ट्रीटमेंटची रोपटी तपकिरी पडली. डोस २०० करू का?

चित्रकमूळ
डोस अजिबात वाढवू नका. तपकिरी पडणं म्हणजे आहे तोच डोस झेपलेला नाही.

आधी ओव्हन बंद करा. प्लंबॅजिन उडून जाणारं आहे, वाफेबरोबर सहज निघतं. ओल्या पानांना ६० अंश दिले की ते पाण्यासोबत हवेत जातं. लायोफिलायझर (गोठवून वाळवणारं यंत्र) नसेल तर ताजीच रोपटी टिपून, वजन करून, थंड मिथेनॉलमध्ये वाटा. कोरड्या वजनासाठी थोडा भाग वेगळा वाळवा. अर्क रोटरी इव्हॅपोरेटरवर आटवताना ४० अंशांच्या आत राहा, खडखडीत कोरडा करू नका. स्टँडर्ड आणि अर्क तपकिरी बाटलीत, फ्रीजमध्ये.

दुसरं, मीडिया फेकलात का? इलिसिटरनंतर प्लंबॅजिन बाहेर झिरपतं. ५० मिली मीडिया २० मिली क्लोरोफॉर्मने दोनदा काढा आणि तोही एचपीएलसीवर टाका. झटपट अंदाज हवा असेल तर पिवळ्या अर्काच्या थेंबात पातळ केओएच घाला, जांभळट-लाल झाला तर माल आहे. पण ही नुसती खूण, आकडा नव्हे.

एक_मायक्रोलिटर
कंट्रोलचे फ्लास्क त्याच शेकरवर होते का? मिथाइल जास्मोनेटची वाफ होते आणि कापसाच्या बोळ्यातून ती शेजारी पोचते. म्हणजे कंट्रोललाही डोस मिळतो आणि फरक पुसला जातो. वेगळा शेकर, जमल्यास वेगळी खोली.

स्टॉक असा करा: २२.४ मिग्रॅ मिथाइल जास्मोनेट इथेनॉलमध्ये विरघळवून १ मिली करा, हा १०० मिलिमोलर. ५० मिलीला २५ मायक्रोलिटर म्हणजे ५० मायक्रोमोलर, तुमच्या डोसच्या निम्मा. त्यात वरून २५ मायक्रोलिटर साधं इथेनॉल घाला आणि कंट्रोलला नुसतं इथेनॉल ५०, म्हणजे सगळीकडे ०.१% राहील. स्टॉक ऑटोक्लेव्ह करायचा नाही. इथेनॉलला चालणाऱ्या ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळा.

जुळेसोलापूर_बायोटेक
सगळे एकाच शेकरवर होते, मीडियाही टाकून दिला. जास्मोनेटऐवजी दुसरं काही चालेल का?

चित्रकमूळ
यीस्ट एक्सट्रॅक्ट. स्वस्त, वाफेची कटकट नाही, आणि बर्मानीवर त्याचे निकाल चांगले आहेत. ५० मिग्रॅ/मिलीचा स्टॉक, प्रत्येक फ्लास्कला ०.५ मिली, म्हणजे ०.५ मिग्रॅ/मिली. दुसऱ्या दिवशी मीडिया गढूळ झाला तर दोष इलिसिटरचा नसेलही. कल्चरमध्ये दडून बसलेले जिवाणू यीस्टवर फोफावतात. एकाच दिवशी काढणी नको: ०, २, ४, ६, ८ दिवस, प्रत्येक वेळी तीन फ्लास्क. शिखर मधेच येऊन गेलं तर सातव्या दिवशी ते दिसणार कसं?

आणि निकाल प्रति ग्रॅमबरोबर प्रति फ्लास्कही लिहा. समजा ट्रीटमेंटमध्ये ४ मिग्रॅ/ग्रॅम आणि ०.३ ग्रॅम कोरडं वजन, कंट्रोलमध्ये ३ आणि ०.५. प्रति ग्रॅम जिंकलात, प्रति फ्लास्क १.२ विरुद्ध १.५ ने हरलात. प्रबंधांत हा दुसरा आकडा सोयीस्करपणे गायब असतो!

एक_मायक्रोलिटर
सोलापूरचा एप्रिल-मे आहे, म्हणून एक भर. एसीचा आकडा पाहू नका. खालच्या कप्प्यातले ट्यूबलाइटचे चोक वरच्या फ्लास्कना तापवतात. पाणी भरलेल्या फ्लास्कमध्ये थर्मामीटर ठेवून दुपारी वाचा. वीज गेली की शेकर थांबतो, रोपटी तळाला बसून गुदमरतात. तासन्‌तास वीज जाणार असेल तर त्या दिवशी इलिसिटर देऊच नका.

आणि हार्डनिंगला (रोपटी फ्लास्कबाहेर रुळवताना) बोअरचं पाणी नको. दवबिंदूला क्षार सोसत नाहीत. डिस्टिल्ड किंवा साठवलेलं पावसाचं पाणीच घाला.