मदत हवी आहे: कास्ट आयर्न बुलेट ३५० चे व्हॉल्व्ह हाताने घासायचे आहेत

किकपोकळ
जुनं कास्ट आयर्न इंजिन. किक पोकळ लागते. किकवर वजन देऊन थांबलं की सायलेन्सरकडून फुसफुस येते. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पाहिलं, तरी कॉम्प्रेशन वाढलं नाही, म्हणून रिंगा ठीक आहेत असं धरलंय. हेड उतरवलं आहे. इनलेट बरा दिसतो, एक्झॉस्टच्या ४५ अंशांच्या चेहऱ्यावर (सीटवर टेकणाऱ्या तिरक्या भागावर) बारीक काळे ठिपके आहेत. पेस्ट कुठली, किती लावायची, किती वेळ घासायचं आणि पुरे झालं हे कसं ओळखायचं? ड्रिलला लावून केलं तर चालेल का?

सीटकटर
ड्रिल नको. एकाच दिशेने फिरत राहिलं की चेहऱ्यावर गोल गोल रेघा पडतात आणि त्याच रेघांतून गॅस निसटतो.

घासण्याआधी गाईड बघा, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी. व्हॉल्व्ह सीटपासून (हेडमधल्या त्याच्या टेकायच्या गोल जागेपासून) ८-१० मिमी उचला आणि हलवा, आधी आडवा, मग उभा. हाताला स्पष्ट खडखड जाणवली तर घासणं फुकट. व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसेल आणि आठवड्यात पुन्हा लीक. क्रम असा: आधी गाईड, मग सीट कापणं, शेवटी घासणं. सीट कापायचं कटर गाईडच्या भोकातच केंद्र धरतं, त्यामुळे हा क्रम उलटा करता येत नाही.

चेहऱ्याच्या वरची कड, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्याची जाडी, ०.८ मिमीपेक्षा कमी उरली असेल तर नवा व्हॉल्व्ह घ्या. पातळ कड लाल होते आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते.

रॉकेलडबा
एक गोष्ट राहिली. बुलेटच्या हेडमध्ये तिसरा छोटा व्हॉल्व्हही असतो, सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर. तो एक्झॉस्टच्याच वाटेत उघडतो. त्याच्या केबलला ढील नसेल तर तो किंचित उघडा राहतो आणि फुसफुस सायलेन्सरमधूनच येते. टॅपेट (व्हॉल्व्हचा खेळ जिथे जुळवतात ते) जास्त टाइट असतील तरी हीच लक्षणं. ही दोन्ही कारणं हेड न उतरवता बघता येतात. आता उतरवलंच आहे, तर डीकॉम्प्रेसरही खोलून साफ करा.

व्हॉल्व्ह काढताना: स्प्रिंग दाबायला सी-क्लॅम्प. लॉक (दांड्याच्या खाचेत बसून स्प्रिंगचा कप धरणाऱ्या पाकळ्या) चिकटले असतील तर क्लॅम्प लावण्याआधी वरच्या कपावर जुना सॉकेट ठेवून हातोडीचा एक टोला द्या, सुटतात. लॉकच्या खाचेपाशी दांड्यावर बर (धातूची उठलेली धार) आलेली असते, ती बारीक ऑइलस्टोनने काढल्याशिवाय व्हॉल्व्ह ओढू नका, गाईड ओरबाडलं जातं. आणि नाव कास्ट आयर्न असलं तरी हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. काजळी लाकडाच्या पट्टीने काढा, स्क्रूड्रायव्हरने नको.

सीटकटर
आता घासायचं कसं. कार्बोरंडम पेस्टच्या डबीत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक असते. इनलेटला फक्त बारीक. एक्झॉस्टला आधी जाड, मग बारीक. दांड्यावर इंजिन ऑइलचा थेंब, चेहऱ्यावर काडीच्या गुलाएवढे चार-पाच ठिपके. थापून लावली तर ती दांड्यावरून गाईडमध्ये उतरते आणि गाईडच घासलं जातं.

रबरी चूषकाची काठी दोन्ही तळव्यांत धरून ताकाच्या रवीसारखी फिरवा, अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. आठ-दहा हेलकावे झाले की उचला, पाव फेरा फिरवून पुन्हा ठेवा. हे उचलणं टाळू नका, नाहीतर पेस्ट एकाच जागी चर पाडते. व्हॉल्व्हखाली हलकी स्प्रिंग ठेवली तर तो आपोआप उचलला जातो. जोर लावायची गरज नाही, काठीचं आणि हाताचं वजन पुरे. सुरुवातीला करकर आवाज येतो. तो मऊ पडला की दाणे मोडले, पुसून नवे ठिपके लावा.

जाड पेस्टच्या दोन-तीन फेऱ्यांनंतरही ठिपके नखाला लागत असतील तर थांबा. घासत राहिलात तर चेहऱ्यावर खोलगट पायरी पडते. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह फुगतो, त्या पायरीत नीट बसत नाही आणि तिथेच जळतो.

रॉकेलडबा
चूषक धरत नसेल तर डोकं पेट्रोलने पुसा आणि रबर ओलं करा. तरीही निसटला तर दांड्याच्या टोकावर घट्ट बसणारी पेट्रोलची नळी चढवून क्लिप लावा आणि खालून हलकं ओढत फिरवा.

किकपोकळ
घासून झालं. इनलेटच्या सीटवर राखाडी पट्टा सलग, १.३ मिमी. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हवर पट्टा पूर्ण गोल आहे, पण सीटवर एका बाजूला बोटभर तुटतोय. बाकी ठिकाणी रुंदी २.६ मिमी. अजून घासू?

सीटकटर
नाही. व्हॉल्व्हवर पूर्ण आणि सीटवर तुटका म्हणजे सीट गाईडच्या केंद्रात नाही. उलटं असतं, सीटवर पूर्ण आणि व्हॉल्व्हवर तुटका, तर व्हॉल्व्ह वाकडा म्हटला असता. हेड सीट कापणाऱ्याकडे द्या. ४५ अंशांचा पट्टा एक्झॉस्टला १.५ ते २ मिमी ठेवायला सांगा. वरून कमी करायला ३० अंशांचं कटर, खालून ६० अंशांचं. एक्झॉस्टचा पट्टा इनलेटपेक्षा रुंद लागतो, कारण त्याची उष्णता मुख्यतः सीटमधूनच हेडमध्ये जाते. पण २.६ जास्त झालं, दाब विभागला जातो आणि मध्ये काजळी अडकते. कापून आल्यावर बारीक पेस्टची एक फेरी पुरे.

तपासणी: चेहऱ्यावर पेन्सिलच्या दहा आडव्या रेघा मारा, कोरडा व्हॉल्व्ह बसवून पाव फेरा द्या. सगळ्या रेघा तुटल्या पाहिजेत.

रॉकेलडबा
मग धुणं. व्हॉल्व्ह बाहेर काढूनच धुवा. आधी रॉकेल, गाईडमधून कापडाची पट्टी ओढून काढा, नंतर गरम साबणाचं पाणी. पांढरी चिंधी गाईडमधून स्वच्छ निघेपर्यंत सोडू नका, राहिलेला दाणा गाईड खातो, मग बोअरही.

स्प्रिंगा आणि प्लग बसवून हेड उलटं ठेवा, चेंबरमध्ये रॉकेल भरा. पाच मिनिटांत दोन्ही वाटा कोरड्या राहायला हव्यात. एक्झॉस्टची वाट ओली झाली तर व्हॉल्व्हला दोष देण्याआधी ओल डीकॉम्प्रेसरच्या भोकातून येतेय का, ते टॉर्चने बघा.

किकपोकळ
कटिंग करून आणलं, रॉकेल थांबलं. टॅपेट आधीच्याच जागी ठेवू?

सीटकटर
नाही. सीट कापली की व्हॉल्व्ह खोल बसतो, दांडा तेवढा रॉकरकडे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या आडव्या दांडीकडे) सरकतो आणि मधला खेळ, म्हणजे मोकळी फट, संपतो. तसंच चालवलं तर व्हॉल्व्ह उघडा राहून पुन्हा जळेल. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर, आणि डीकॉम्प्रेसरच्या केबलला थोडी ढील. पुशरॉड (खालून रॉकरला ढकलणारी उभी काठी) दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. लॉकनट आवळताना अ‍ॅडजस्टर सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पुशरॉड पुन्हा फिरवून बघा. १०० किमी झाल्यावर परत एकदा, थंड असतानाच.